शुक्रवारचा अर्धा तास

लातूरच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बाकड्यावर बसून राहावं लागतं. कंबरेला पट्टा बांधलेली बाई दिसली की शेजारची विचारतेच, तुमचं काय झालं म्हणून. मी सांगायला लागते, समोरच्या बाकड्यावरच्या दोघी सरकून जवळ येतात, आणि नेमकं तेव्हाच आतून माझं नाव पुकारलं जातं. दर खेपेला गोष्ट अर्धी राहते. शेवटी माझी लेक नसीम वैतागली. म्हणाली, अम्मी, एकदा लिहूनच टाक ना सगळं. म्हणून लिहून राहिले.

मी रजिया. राहायला नांदेडला, माहेर उदगीरचं. आम्ही मणियार. माहेरीही बांगड्या आणि सासरीही बांगड्याच. दुकान आमचे हे बघतात, मी लग्नाघरी जाऊन नवरीला आणि घरच्या बायांना बांगड्या भरते. घरात आम्ही दखनी बोलतो, पण शाळा मराठीतून झाली आणि सगळी उमर मराठी बायांचे हात हातात घेण्यात गेली, त्यामुळं लिहायला मराठीच सोपी वाटते. डॉक्टरी भाषा मला येत नाही. ती ज्याला हवी त्यानं डॉक्टरला विचारावं. माझ्या अंगावरून जे गेलं तेवढंच सांगते.

आणि एक आधीच सांगते. या सगळ्या आजारपणात मला मरायची भीती कधी वाटली नाही. भीती एकच होती, की हे हात परत कुणाच्या हातात बांगडी चढवतील का नाही.

मनगट

सुरुवात न्हाणीत झाली. फरशी ओली होती, पाय सरकला आणि मी उजवा हात टेकला. पडणंसुद्धा म्हणता येणार नाही, बसले असंच म्हणा. पण कट्ट असा आवाज आला. आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. तिथं बसल्या बसल्या मला पहिल्यांदा तेच सुचलं, की आता हाड वाढलं म्हणावं का काय. मग कळ आली आणि सुचायचं बंद झालं.

नांदेडच्या डॉक्टरांनी पलस्तर घातलं. वर म्हणाले, एवढ्याशा पडण्यानं मनगट मोडायला नको होतं, तपासण्या करू. तपासण्या झाल्या. म्हणाले, तुमची हाडं ठिसूळ झालीत. मला रागच आला. माझी नणंद अंडंसुद्धा दोन्ही हातांनी धरते, तिला ठिसूळ म्हणा. मी लग्नसराईत दिवसभर बायांचे हात दाबणारी, दुकानात बांगड्यांच्या पेट्या चढवणारी-उतरवणारी. मला कशाला ठिसूळ म्हणता?

पण औषध लिहून दिलं ते घेतलं. रोजच्या दोन गोळ्या कॅल्शियम-बिल्शियमच्या, त्या साध्या. खरं औषध म्हणजे आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी. तिचे नियम डॉक्टरांनी नीट समजावले. सकाळी उठल्याबरोबर घ्यायची, अनशापोटी, मोठा पेला भरून साध्या पाण्याबरोबर. दूध नाही, चहा नाही. आणि त्यानंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, आडवं व्हायचं नाही.

मी शुक्रवार धरला. जुम्म्याचा दिवस, विसरायचा प्रश्नच नाही.

आग

पहाटे फजरच्या अजानला मला आपसूक जाग येते. शुक्रवारी उठले की आधी गोळी, वर पेलाभर पाणी, मग हातपाय-तोंड धुऊन वुजू, मग नमाज. नमाज होऊन जरा बसेपर्यंत अर्धा तास होऊन जायचा, मग चहा. मला तर हिशेब लई सोयीचा वाटला. आडवी मी एकदासुद्धा झाले नाही. ह्यांनाही सांगून ठेवलं होतं, मला शुक्रवारी लवंडलेली बघितलं तर उठवा.

तिसऱ्या का चौथ्या शुक्रवारपासून छातीत आग व्हायला लागली. गळ्यापाशी कुणी निखारा धरलाय असं वाटायचं. घास गिळताना दुखायचं. पहिल्यांदा मिरचीवर खापर फोडलं. ठेचा बंद केला, वांग्याच्या भाजीत तिखट निम्मं केलं, घरातले सगळे तोंड वाकडं करून जेवले. आग काही जाईना. शेजारच्या सुमनबाई म्हणाल्या, औषध उष्ण पडत असंल तुम्हाला. मोहल्ल्यातल्या बायाही तेच म्हणाल्या. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, काही आठवडे गोळी थांबवून बघा. थांबवली आणि आग गेली. मग काय, सगळ्यांचं एकमत झालं की रजियाला ही गोळी मानवत नाही. डॉक्टरांनी दुसरं औषध बघू म्हणून परत बोलावलं होतं, पण तेवढ्यात लग्नसराई लागली. त्या दिवसांत मणियाराला जेवायला सवड नसते, दवाखान्याला कुठून असणार. गोळ्यांचं पाकीट कपाटात वरच्या फळीवर गेलं.

पेटी

आमच्या दुकानात लोखंडी पेट्या होत्या, माझ्या सासऱ्यांच्या वेळच्या. काच भरली की एक पेटी दोघांनी उचलावी अशी. मी आयुष्यभर एकटीनं उचलली. त्या दिवशी लोह्याहून गिऱ्हाईक आलेलं, नवरीची आई, मामी, मावशी, सगळ्या सतरंजीवर बसलेल्या. हे चहा सांगायला बाहेर गेले होते. हिरव्या काचेची पेटी खालच्या फळीवर होती. मी वाकले, उचलली आणि पाठीत मधोमध काहीतरी खचलं. पेटी खाली ठेवता आली एवढंच नशीब. मला सरळ होता येईना.

आठ-दहा दिवस उसण भरली म्हणून शेक घेतले, तेल लावलं, पट्ट्या चिकटवल्या. कूस बदलताना ओरडत होते. नसीम लातूरला दिलेली आहे. ती फोनवर माझं कण्हणं ऐकून दुसऱ्या दिवशी जीप घेऊनच आली. नांदेड ते लातूर मी मागच्या सीटवर उशांमध्ये पडून गेले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, मला फक्त आभाळ आणि विजेच्या तारा दिसत होत्या. प्रत्येक खड्ड्याला नसीम माझा हात दाबायची, आणि मी मनातल्या मनात तिच्या बांगडीचं माप काढायची. दोन-सहा. लग्नात दोन-चार होतं.

लातूर

फोटो काढला. हाडं किती भरीव आहेत ते मोजायचं मशीन असतं, त्याच्याखाली झोपवलं. संध्याकाळी डॉक्टर मॅडमनी आम्हाला तिघांना समोर बसवलं, म्हणजे नसीमला आणि सोबत आलेल्या ह्यांना बसवलं आणि मला स्ट्रेचरवर ठेवलं. म्हणाल्या, एक मणका दबलाय. हाडं फार कमजोर आहेत, आता हलगर्जी केली तर दुसरा दबेल.

मी विचारलं, मला कामावर कधी जाता येईल. त्यांनी विचारलं, काम काय करता. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘आत्ता मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही.’

त्या एका वाक्यानं माझं जेवण गेलं, झोप गेली.

बाहेर पॅसेजमध्ये नसीम तिच्या अब्बांवर तुटून पडली. अम्मीचा हात मोडला होता हे माहीत असून पेटी उचलू दिलीच कशी, दुकानात काय करत होता तुम्ही. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. आमचे हे मुळातच कमी बोलणारे. गिऱ्हाइकालासुद्धा भाव सांगतात आणि गप्प होतात. ते आत आले, माझ्या पायावरची चादर नीट केली आणि रात्रीच्या गाडीनं नांदेडला निघून गेले. मला वाटलं, रुसले. पुढचे काही दिवस फोन यायचा तोही ‘खाना खाई?’ एवढाच. नसीमचीही ओढाताण व्हायची, सासूचा डबा, पोरांची शाळा आणि माझा बेडपॅन, सगळं एकटीनं. ती माझ्यावर चिडायची आणि नंतर माझ्याच उशाशी डोकं टेकून बसायची. त्या दिवसांत आम्ही सगळेच एकमेकांना टोचत होतो. प्रेम नव्हतं असं नाही, भीती जास्त होती.

वॉर्डात एक जळकोटकडची आया होती. अंगानं धिप्पाड, हात मऊ. कूस बदलताना आख्खं अंग एकदम वळवायचं असतं, पाठीला पीळ पडू द्यायचा नाही. ती मला पोळपाटावरच्या लाटण्यासारखी अलगद फिरवायची. पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, तुमचं माप दोन-दहा. ती हसली, म्हणाली, कसं वळखलं? बघून सांगते म्हटल्यावर वॉर्डभर बातमी झाली. नर्सा येऊन हात पुढं करायच्या. मी पडल्या पडल्या सांगायची, तुमचं दोन-चार, तुमचं दोन-सहा पण अंगठ्याचं हाड जाड आहे, दोन-आठच घ्या. हाताला हात न लावता केलेला धंदा. त्यानं माझे दिवस निघाले, खोटं कशाला बोलू.

‘काही गाळू नका’

मॅडमनी जुने कागद बघितले. मनगट मोडल्यावर गोळी सुरू होती, मग बंद का केली, विचारलं. मी म्हटलं, मानवली नाही, छातीत आग पडायची. बहुतेक डॉक्टर इथं मान हलवून पुढं गेले असते. मॅडम स्टूल ओढून बसल्या.

‘शुक्रवारची सकाळ सांगा मला,’ त्या म्हणाल्या. ‘डोळा उघडल्यापासून. काही गाळू नका.’

मी सांगितली. अजान, उठणं, गोळी, पेलाभर पाणी, वुजू, नमाज, मग अर्ध्या तासानं चहा. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

‘नमाजात वाकावं लागतं ना?’

मला हसू आलं. वाकल्याशिवाय नमाज कशी व्हायची? रुकूत कंबरेतून वाकायचं, सजद्यात कपाळ जमिनीला टेकायचं.

‘गोळी घेतल्यावर लगेच?’

‘हाव. पण आडवी न्हाई झाले मॅडम. एकदाबी न्हाई.’

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग सावकाश सांगितलं. आडवं होऊ नका असं सांगतात त्याचं कारण, गोळी पोटात राहावी, परत वर गळ्याकडं येऊ नये. ती अन्ननळीला लागली की तिथं भाजतं. सजद्यात डोकं पोटाच्या खाली जातं. पाणी आणि गोळी दोन्ही वर येतात. म्हणजे आडवं होण्यापेक्षाही जास्त. ‘तुमची चूक नाही,’ त्या म्हणाल्या. ‘आम्ही आडवं होऊ नका म्हणतो, वाकू नका म्हणायचं आमच्याकडून राहून जातं. आधी नमाज, मग गोळी. एवढंच उलटं करायचं.’

एवढंच. नमाजाचा दोष नव्हता, गोळीचाही नव्हता. दोघी एकामागं एक उभ्या होत्या, फक्त रांग चुकली होती. त्या चुकलेल्या रांगेपायी मी महिनोन्‌महिने बिनऔषधाची राहिले आणि माझा मणका बसला. मला लई रडू आलं. कुणाला तरी शिव्या द्याव्यात असं वाटत होतं, पण शिव्या द्यायला माणूसच सापडेना. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं ते खरंच होतं आणि मी केलं तेही त्यांनी सांगितलं तसंच होतं.

मॅडमनी आधी दुर्बिणीनं गळ्याखालची जखम भरली आहे का ते बघून घेतलं, काही दिवस पोटाचं औषध दिलं, आणि मग तीच गोळी परत सुरू केली. त्या बाईंनी स्टूल ओढला नसता तर मी आजही ‘मला मानवत नाही’ म्हणत बसले असते. त्यांच्यासाठी मी अजून रोज दुवा मागते.

खुर्ची

पण ‘आधी नमाज, मग गोळी’ हे सांगताना मॅडमनी दुसरंही एक सांगितलं होतं, की आता पुढं वाकायचं नाही. म्हणजे नमाज खुर्चीवर. आजारी माणसाची बसून होते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी नांदेडला घरी आल्यावर पहिल्या दिवशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून नुसती मान लववली, तेव्हा कपाळाला जमीन लागली नाही आणि मला परक्याच्या घरी आल्यासारखं वाटलं. काही दिवस खुर्चीवर राग काढला. मग सवय झाली. अल्लाहला माझी पाठ माहीत आहे, असं मीच मला समजावलं.

घरी आले त्या दिवशीची गोष्ट सांगायची राहिली. दुकान घराच्या पुढच्या खोलीतच आहे. आत पाऊल टाकलं तर लोखंडी पेट्या गायब. भिंतभर पुठ्ठ्याचे लहान लहान डबे, एका हातात मावतील असे, आणि सगळे माझ्या छातीच्या उंचीच्या फळ्यांवर. खालच्या फळ्या रिकाम्या. मी लातूरला पडले होते आणि हे रुसले असं समजत होते, तेव्हा ह्यांनी ऐन लग्नसराईत दुकान बंद ठेवून एकेक जोड हातानं काढून लावला होता. मी विचारलं, पेट्या कुठं गेल्या? तर म्हणाले, ‘भंगारात.’ सासऱ्यांच्या वेळच्या पेट्या.

केस विंचरायला हात वर जात नव्हते. ते काम प्राजक्तानं घेतलं. प्राजक्ता म्हणजे सुमनबाईंची मुलगी, हदगावला सरकारी नोकरीत आहे. मला खाला, म्हणजे मावशी म्हणते. सुट्टीला आली की तेलाची बाटली घेऊन भिंतीपलीकडून यायची. तिच्या पाचवीला तिच्या इवल्या हातात काळी बांगडी मी घातली होती. तेव्हाच सुमनबाईंना म्हटलं होतं, लग्नाच्याही मीच भरणार.

आणि तिचं लग्न ठरलं. सुमनबाईंनी फार जपून विषय काढला. म्हणाल्या, ‘रजियाबी, तुमच्या जिवाला तरास नको. हदगावची एक बाई हाय, तिला सांगून ठेवू का?’ त्यांचं बरोबरच होतं. पण मला ते वाक्य मणक्यापेक्षा जास्त लागलं. मी हो म्हणणार तेवढ्यात वेणी घालता घालता प्राजक्ता बोलली.

‘खाला भरेल तर भरीन. न्हाई तर मोकळ्या हातानं उभी राहीन.’

मुलगी हट्टी. सुमनबाईंनी कपाळावर हात मारला. आणि मी, इतके दिवस मला परत जमेल का म्हणून झुरणारी, आता दुसऱ्याच भीतीनं झोपेनाशी झाले. माझा हात ऐन वेळी थरथरला तर पोरगी मोकळ्या हातानं उभी राहील. ती बोलली ते करणारी आहे.

ह्यांचा हात

गोळीचं नवीन वेळापत्रक असं ठरलं. फजर खुर्चीवर. मग गोळी आणि पेलाभर पाणी. मग अर्धा तास ताठ बसून राहायचं. चहा नाही, बिस्किट नाही, पान तर नाहीच. ऐकायला सोपं आहे. पण चहा उकळल्याचा वास घरात फिरत असतो आणि आपण भिंतीला पाठ लावून चोरासारखं बसायचं, करून बघा एकदा.

पहिल्या शुक्रवारी ह्यांनी चहा टाकला, कपात ओतला, माझ्याकडं बघितलं आणि कपावर बशी झाकली. समोर येऊन बसले. मी म्हटलं, तुम्ही प्या की, तुम्हाला कुठं गोळी आहे? म्हणाले, ‘चाय रुकती.’ थांबते चहा, काय घाई आहे. दुसऱ्या शुक्रवारी तेच. तेव्हापासून आजपर्यंत त्या अर्ध्या तासात ह्यांनी चहा प्यायलेला मी बघितला नाही.

आता दोन माणसं समोरासमोर अर्धा तास काय करणार? इतकी वर्षं लग्न होऊन आम्ही कधी असे रिकामे बसलोच नव्हतो. बोलून बोलून एक दिवस बोलणं संपलं, तेव्हा मी ह्यांचा हात ओढला आणि दाबायला लागले. बांगडी भरायच्या आधी हात मऊ करावा लागतो, अंगठा तळव्यात घ्यायचा, बोटांच्या मुळांची हाडं एकमेकांवर आणायची. मला माझ्या मनगटात किती जीव आहे ते बघायचं होतं. मॅडमनी कोपर टेबलावर टेकून, पाठ सरळ ठेवून हलकं काम सुरू करायला आता हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. हे हूं की चूं न करता बसले.

मग मी दुकानातली सगळ्यात मोठ्या मापाची काच काढली. लोक भांडणात म्हणतात ना, हातात बांगड्या भरल्यात का रे तुझ्या. आमच्या ह्यांनी खरंच भरल्या. माझ्यासाठी. पहिली बांगडी बोटांच्या मुळाशीच वाढली, दुसरीही. तिसरीला ह्यांच्या हातावर ओरखडा आला. म्हटलं बस करू, तर ह्यांनी दुसरा हात पुढं केला.

एका शुक्रवारी दोन बांगड्या चढल्या आणि एक काही केल्या उतरेना. साबण लावला, तेल लावलं. दुपार होऊन जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली. मी म्हटलं फोडून काढू, तर म्हणाले, आल्यावर बघू. भर उन्हाळ्यात पूर्ण बाहीचा शर्ट घालून, बटन लावून मशिदीत गेले. परत आले तेव्हा मी हसून हसून पाठ धरून बसले होते. ते मात्र गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, ‘कुणी बघितलं न्हाई. आवाज झाला थोडा.’

असे किती शुक्रवार गेले ते मी मोजले नाहीत. लातूरला परत मशीनखाली झोपवलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, हाडं पहिल्यापेक्षा बरी आहेत. फार नाही, पण घसरण थांबली आहे, थोडी वरच आली आहेत. गोळी अजून बरीच वर्षं घ्यायची आहे. मी विचारलं, लग्नाच्या बांगड्या? त्या म्हणाल्या, ‘खुर्चीवर बसून, टेबलावर हात ठेवून. आणि पेट्या उचलायच्या नाहीत.’ मी म्हटलं, पेट्या भंगारात गेल्या.

प्राजक्ता

बांगड्या भरायचा दिवस नेमका शुक्रवारी आला. सुमनबाईंना हळद उन्हाच्या आधी उरकायची होती, म्हणून मला सकाळीच बोलावलं. मी ह्यांना म्हटलं, आजची गोळी उद्या घेते, मॅडम काही फाशी देणार नाहीत. फजर झाल्यावर हे एका हातात गोळी, एका हातात पाण्याचा पेला घेऊन समोर उभे राहिले. घेतली. पाणी संपतं न संपतं तोच सुमनबाईंची बहीण दारात, चला, पोरगी आंघोळ करून बसली. ह्यांनी डबे उचलले आणि आम्ही निघालो.

मांडवात पाहुणे, लेकरं, चुलीवर मोठं पातेलं. आत मधल्या खोलीत माझ्यासाठी खुर्ची आणि टेबल मांडून ठेवलं होतं. मी टेकले न टेकले तोच चहाचा ट्रे आला. मी नको म्हटलं. हदगावकडच्या एका पाहुणीनं आग्रह धरला, शुभ दिवशी नाही म्हणू नका. आता काय सांगणार तिला? तेवढ्यात प्राजक्ता म्हणाली, ‘खालाचा अर्धा तास चालू हाय. तो होऊ द्या. मला काई घाई न्हाई.’ आणि तिनं स्वतःचा कप खाली ठेवून दिला. सुमनबाईंनी सगळ्या ट्रेवर ताट झाकलं. पाहुणीला काही कळलं नाही, पण तिनंही हातातला कप ठेवला.

प्राजक्तानं हात टेबलावर ठेवला. मी तो घेतला. बारीक हात, लांब बोटं, दोन-चार. अंगठ्याचं हाड मी पाचवीपासून ओळखते. माझे हात थरथरत होते, हे तिला कळलं असणार. मी दाबत राहिले, एकेक बोट, मग मूळ, मग तळवा. असं घाई न करता, गिऱ्हाईक खोळंबल्याची चिंता न करता मी आयुष्यात कधी कुणाचा हात मऊ केला नव्हता. अर्धा तास होता ना हाताशी. हळूहळू तिचा हात लोण्यासारखा झाला, आणि मग माझ्या लक्षात आलं की माझा थरथरायचा थांबलाय.

त्यांच्यात नवरी पांढरी साडी नेसते, तिच्यावर मोरपंखी बांगड्या हव्यात, हे तिनं कधीचं ठरवलं होतं. पहिली चढवली. दुसरी. कोपर टेबलावर, पाठ खुर्चीला. उजवा हात झाला, डावा झाला. एकही वाढली नाही. शेवटची मनगटावर बसली आणि किणकिण झाली, तेव्हा सुमनबाई पदर डोळ्याला लावून आतल्या खोलीत गेल्या. प्राजक्ता माझ्या पाया पडायला वाकली. मला वाकून तिला उठवता येत नव्हतं, म्हणून मी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता. कुणीतरी ताट काढलं, चहा गरम करून आणला. पहिला कप मला. मी घोट घेतला आणि दाराकडं बघितलं. बाहेर मांडवात हे पुरुषांच्या बाकड्यावर बसले होते. आजूबाजूच्या सगळ्यांचे कप रिकामे, कुणी विडी ओढतंय, कुणी पेपर वाचतंय. ह्यांच्या मांडीवर कप होता, काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. ते दाराकडंच बघत होते.

मी माझा कप उचलून दाखवला. तेव्हा त्यांनी बोटानं साय बाजूला केली आणि तो गार चहा प्यायला.